आमच्या गरिबीचा दाखला

कृपाच्या कॉलेजचा हिशेब मी आफ्रिका खंडाच्या पाठीवर मांडला. १९४४ चा जानेवारी महिना होता, लढाई चालू होती, आणि नगरात कोरा कागद मिळणे साखर मिळण्याहून अवघड झाले होते. मी मिशनच्या शाळेत भूगोल शिकवीत असे. शाळेतला आफ्रिकेचा जुना नकाशा सहाराच्या वाळवंटात फाटला, म्हणून हेडमास्तरांनी तो बाद करून मला दिला होता. मी तो घरी आणून भिंतीवर उलटा लावला आणि पट्टीने पाच रकाने आखले. कॉलेज, फी, वसतिगृह, गाडीभाडे आणि शिष्यवृत्ती. पाचवा रकाना मी सर्वांत रुंद ठेवला होता, कारण पहिले चार रकाने कसे भरायचे हे त्या पाचव्यावरच ठरणार होते.

माझा पगार अठ्ठेचाळीस रुपये, वर महागाईचे नऊ. कृपा ही आमची एकुलती एक मुलगी. मार्चमध्ये ती मॅट्रिकला बसणार होती आणि गणितात साऱ्या शाळेत पहिली येत होती. आमच्या ख्रिस्ती मंडळीत मुलगी मॅट्रिक झाली की ती मास्तरणीच्या ट्रेनिंगला जाते, हे ठरलेलेच असते. तिथे फी नाही, उलट दरमहा हातावर काहीतरी पडते. त्यात वाईट काही नाही. मी स्वतः तेच केले. मलाही बी. ए. व्हायचे होते, पण वडील वारले आणि ते राहून गेले. ही गोष्ट मी कोणाला सांगत नाही, म्हणजे वर्षातून चारपाचदाच सांगतो.

कृपाला मात्र रसायन शिकायचे होते. तिच्या शाळेच्या प्रयोगशाळेत चाळीस मुलांमध्ये स्पिरिटचा एक दिवा, आणि मुली मागच्या रांगेत. त्यामुळे आजवरचे सगळे प्रयोग तिने मुलांच्या मानांमधून पाहिले होते. एक दिवस मला चहा देता देता ती म्हणाली, "बाबा, मुंबईच्या कॉलेजात दर विद्यार्थ्याला स्वतःचा दिवा असतो म्हणे." एवढेच म्हणाली आणि कपबशी घेऊन आत गेली. पुन्हा तिने हा विषय काढला नाही. काढला असता तर मला तिला समजावता तरी आले असते.

भिंतीवर एवढा मोठा कागद लागला म्हटल्यावर आळीतली माणसे येणारच. पहिले आले यशयाराव. हे मिशनच्या दवाखान्यातले सेवानिवृत्त कंपाउंडर, आमच्या चर्चच्या पंचमंडळाचे सभासद आणि माझे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. मुलगा लष्करात स्टोअरकीपर, दरमहा मनिऑर्डर पाठवी. त्यामुळे लढाईबद्दल यशयारावांचे मत फारसे वाईट नव्हते.

"सलाम मास्तर," त्यांनी चष्मा पुसून नकाशाची पाठ वरपासून खालपर्यंत वाचली. "उत्तरेकडचं मुलींचं कॉलेज कशाला लिहिलंत? तिथलं पाणी जड. आमच्या बायकोचा भाचा दोन वर्षं होता, अजून ढेकर देतो."

"मुलींना तिथं निम्मी फी माफ आहे," मी म्हणालो.

"फी माफ होईल, पोट माफ होईल का?"

मी उत्तरेकडचे कॉलेज खोडले. पाण्यामुळे नव्हे, गाडीभाड्यामुळे. पण यशयाराव आजही सांगतात की पाण्यामुळे.

दुसरे आले दत्तोपंत. हे समोरच्या घरात राहणारे, मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा देव वेगळा, आमचा वेगळा, पण सरकारी कागदाच्या बाबतीत साऱ्या आळीची श्रद्धा त्यांच्यावर होती. त्यांनी उभ्याउभ्याच दोन बेरजा दुरुस्त केल्या. भूगोलाच्या मास्तराने बेरजा करू नयेत असे त्यांचे मत पडले.

दुरुस्तीनंतर जे उरले ते असे होते. पुण्याच्या कॉलेजात गुणांवर अर्धी फी माफ, गरिबी सिद्ध करायची गरज नाही, आणि राहायला कृपाच्या मावशीचे घर. एकूण खर्च महिना अठ्ठावीस रुपये. आम्ही दूध, वर्तमानपत्र आणि माझे पान सोडले असते तर जेमतेम जमण्यासारखे होते. पण तिथे मुलींना आर्ट्‌स बरे, असे त्यांच्या माहितीपत्रकातच छापलेले. मुंबईचा खर्च महिना पंचावन्न, म्हणजे भत्त्यासकट माझा सगळा पगार, आणि घर चालवायला उरणार दोन रुपये. मात्र त्या कॉलेजात येणाऱ्या एका मुलीसाठी मिसेस व्हिटकोंब नावाच्या कुण्या अमेरिकन विधवेने मोठी शिष्यवृत्ती ठेवलेली होती. ती मिळाली तर आमचा खर्च महिना सहा रुपये. म्हणजे सर्वांत महाग शहर आम्हाला सर्वांत स्वस्त पडणार होते, फक्त त्यासाठी आम्ही गरीब असायला हवे होते.

"ते तर आहातच की," दत्तोपंत अगदी सहज म्हणाले.

मला ते कुठेतरी लागले. मी म्हणालो, "तसं अगदीच काही नाही."

"मास्तर, आता मागं सरू नका. असणं निराळं, दाखला निराळा. दाखला मिळेपर्यंत तुम्ही नुसते काटकसरी."

दोन्ही ठिकाणी अर्ज करायचे ठरले. पुण्याचा अर्ज, नावनोंदणी आणि अनामत मिळून पंधरा रुपये होत होते, आणि मुंबईचा अर्ज नऊ रुपयांचा. कृपाच्या आईने कॉफीच्या रिकाम्या डब्यात सव्वीस रुपये साठवले होते. तिने तो डबा बायबलच्या मागे ठेवला, कारण तिथून पैसे काढताना मला लाज वाटेल असा तिचा अंदाज होता. दोन्ही अर्ज फेब्रुवारीअखेर पोचायचे होते.

व्हिटकोंबबाईंच्या अर्जात पित्याच्या शेतजमिनीबद्दल एक कलम होते. मिरजगावला आमची नऊ एकर सामाईक जमीन आहे. थोरला भाऊ सहादेव ती कसतो. तीन वर्षांतून एकदा तीत ज्वारी होते, उरलेली दोन वर्षे ती फक्त आमच्या नावावर असते. दत्तोपंत म्हणाले, तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला आणा, त्यात काहीच नाही असे लिहून घ्या, ते खरेही आहे.

मी रविवारची उपासना बुडवून मिरजगावला गेलो. पेट्रोल लष्कराला जात असल्यामुळे मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मागे एक भट्टी, आणि चढ आला की उतारूंनी खाली उतरायचे. काही चढांवर तर मोटारीला हातही लावावा लागे. मिरजगावला पोचेपर्यंत माझे तोंड असे काळे झाले होते की माझ्याकडे पाहून कोणीही विनाचौकशी दाखला दिला असता. पण वहिनीने आधी अंघोळीला पाणी दिले, तिथेच घात झाला.

सहादेवाने माझे सगळे ऐकून घेतले. मग तो तोंडातली तंबाखू थुंकून आला.

"गरीब? आपुन?" तो म्हणाला. "आरं परभू, आपल्या बापानं मिरजगावात समद्यांच्या आदी दगडी घर बांदलं. त्या घरात बसून तू गरीब म्हनून लिवून मागतोस व्हय?"

"दादा, पोरीच्या शिक्षणासाठी. नुसता कागद."

"कागदच वाईट. मानूस मरतं, कागद ऱ्हातो. उद्या आमच्या पोरांची सोयरीक जमवायची हाय. लोक म्हनतील, तलाठ्याच्या दप्तरात ह्यांची गरिबी न्हाई का लिवलेली?"

तासभर समजूत घातल्यावर तो म्हणाला, "बरं, तू बस. मी जातो तलाठ्याकडं. आमचं लई जमतं." मी निर्धास्त होऊन जेवलो. संध्याकाळच्या मोटारीच्या वेळी त्याने घडी घातलेला, शिक्का मारलेला कागद माझ्या खिशात कोंबला आणि वर हरभऱ्याची दोन ओझी दिली. कागद मी मोटारीत उघडला. त्यात लिहिले होते, की खातेदार प्रभुदास व त्यांचे बंधू हे सुखवस्तू असून गावात त्यांचे वजन आहे आणि ते कोणाचे मिंधे नाहीत.

दत्तोपंतांनी तो दाखला दोनदा वाचला. "सुंदर आहे," ते म्हणाले. "यावर तुम्हाला बँक कर्ज देईल. शिष्यवृत्ती नाही." मग त्यांनी एक स्वतंत्र निवेदन तयार केले, की सदरहू दाखल्यात नमूद केलेले सुख हे थोरल्या बंधूंकडे असून अर्जदाराचा त्यात प्रत्यक्ष वाटा नाही. वाक्य इतके खरे होते की कृपाच्या आईने ते मागून घेऊन पुन्हा वाचले.

आता निवेदनाला जोड म्हणून मंडळीतल्या एका प्रतिष्ठित माणसाचे गरिबीबद्दलचे प्रमाणपत्र हवे होते. आमचे पाळक, रेव्हरंड शांतवन, ते देऊ शकत नव्हते, कारण ते शिष्यवृत्तीच्या मंडळावरच होते. राहिले यशयाराव. त्यांना विचारायला जाताना मी चार वेळा उंबऱ्यावरून परत फिरलो. शेवटी कृपाच्या आईने मला बाहेर काढून आतून कडी लावली.

यशयारावांनी इतक्या आनंदाने होकार दिला की मला वाईट वाटले. माणूस एखाद्या कामाची बारा वर्षे वाट पाहत असावा तसे ते कामाला लागले. त्यांनी चार दिवस घेतले. मला दोन ओळी पुरल्या असत्या. त्यांनी दोन पाने लिहिली, आणि काही चुकीचे जाऊ नये म्हणून ती आपल्या ओट्यावर बसून आळीतल्या लोकांना मोठ्याने वाचून दाखवली. त्यात आमचा चहा बिनदुधाचा असल्याचे होते. माझ्या चपला तीनदा टाचल्याचे होते. माझ्या काळ्या कोटाचे अस्तर कृपाच्या आईच्या जुन्या पातळाचे आहे, हेही होते.

"हे त्यांना कसं कळलं?" मी घरात येऊन विचारले.

"मी त्यांच्या बायकोला सांगितलं," ही म्हणाली. "अस्तर किती छान बसलंय म्हणून सांगितलं. मला काय ठाऊक ते छापून येणार आहे."

दुसऱ्या दिवसापासून लोक माझ्याशी फार चांगले वागू लागले. दुधवाला न विचारता थोडे जास्त घालू लागला. शाळेतल्या शिपायाने मला आपली विडी देऊ केली. मला हवे होते ते एक प्रमाणपत्र, आणि मिळत होती ती सहानुभूती. रस्त्याने जाताना मी कोटाची बटणे गळ्यापर्यंत लावू लागलो, म्हणजे अस्तर दिसू नये. फेब्रुवारीच्या उन्हात.

अशा मनःस्थितीत हंगामाचा सण आला. आमच्याकडे पीक घरात आले की मंडळीतली माणसे आपल्या उत्पन्नातला पहिला वाटा चर्चला वाहतात. खेड्यांतून ज्वारीच्या पिशव्या, हरभऱ्याचे डहाळे, कोंबड्या, अंडी आणि भाज्या येतात. उपासनेनंतर अंगणात त्यांचा लिलाव होतो आणि पैसे चर्चच्या निधीत जातात. ज्याची ऐपत मोठी तो घेतलेली वस्तू तिथल्या तिथे परत अर्पण करतो, आणि तिचा पुन्हा लिलाव होतो. एकच कोंबडी चार वेळा विकली गेलेली मी पाहिली आहे. शेवटी ती ज्याच्या घरी जाते त्याला ती जवळजवळ फुकट पडते.

त्या दिवशी पुढच्या खुर्च्यांवर पाहुण्या म्हणून मिस हॉलोवे बसल्या होत्या. मुलींच्या बोर्डिंगच्या या वृद्ध मिससाहेब व्हिटकोंब शिष्यवृत्तीच्या चिटणीस होत्या. हे मला ठाऊक होते. इतके ठाऊक होते की घरून निघताना मी ठरवले होते, आज एकाही वस्तूवर तोंड उघडायचे नाही.

एक लाल भोपळा लिलावाला आला. चांगला मोठा होता, पण भोपळाच होता. आठ आण्यांना सुरुवात झाली. मला फोडणीचा भोपळा आवडतो. ठरवलेले विसरून मी म्हणालो, "बारा आणे."

पलीकडून यशयाराव वळले. त्यांनी अत्यंत मायेने, साऱ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले, "राहू द्या मास्तर. तुमची परिस्थिती आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मी घेतो आणि त्यातली फोड तुमच्याकडे पाठवून देतो."

त्यानंतर काय झाले ते मला नीट सांगता येत नाही. मी दोन रुपये म्हणालो, एवढे आठवते. यशयाराव अडीच म्हणाले. मी पाच म्हणालो. कृपाच्या आईने बायकांच्या बाजूने माझ्याकडे असे पाहिले, की शुद्धीवर असतो तर मी तिथेच खाली बसलो असतो. नऊ, दहा, बारा. लिलाव पुकारणाराला आनंदाने घाम फुटला. यशयाराव सोळा म्हणाले आणि थांबले. मी सतरा म्हणालो. अंगणात टाळ्या पडल्या. भोपळा माझ्या हातात आला तेव्हा तो आणखी जड झाल्यासारखा वाटला.

"परत अर्पण करणार ना, मास्तर?" यशयारावांनी विचारले.

 मी भोपळा परत दिला. दुसऱ्या खेपेला तो मिस हॉलोवे यांनी चौदा आण्यांना घेतला आणि घरी नेला.

 घरी आल्यावर कृपाच्या आईने बायबल बाजूला केले, डबा उघडला, सतरा रुपये मोजून माझ्यासमोर ठेवले आणि डबा परत जागेवर ठेवून दिला. कबूल केलेले दान बुडवायची आमच्याकडे रीत नाही. डब्यात नऊ रुपये उरले. शहाणपणाचा अर्ज पंधरा रुपयांचा होता आणि वेडेपणाचा नऊ. मुदतीला चार दिवस होते, पगाराला आठ. उसने मागायचे तर हाताशी एकच माणूस होता, यशयाराव, आणि त्यांचे दार मला त्या आठवड्यात दिसत नव्हते. असे मुंबईचे कॉलेज आमच्यासाठी नक्की झाले. पाच रकान्यांचा नकाशा मी भिंतीवरून काढला. कृपाने तो उलटून पाहिला आणि म्हणाली, "बाबा, सहारा चिकटवला तर शाळेला परत देता येईल." ती माझ्यावर रागावली असती तर मला बरे वाटले असते.

मार्चमध्ये परीक्षा झाली. एप्रिलमध्ये मिस हॉलोवे यांच्या बंगल्यावर मुलाखत. कृपाला एकटीला आत बोलावले आणि मला व्हरांड्यात बाकावर बसवले. दार उघडेच होते. आत मिससाहेबांबरोबर पाळक शांतवनही होते, पण ते मान खाली घालून पेन्सिलीला टोक करीत होते. मिससाहेबांचे मराठी शुद्ध होते. चाळीस वर्षे त्यांनी ते बायबलातून शिकले होते.

"कन्ये," त्या म्हणाल्या, "तुझ्या पित्याचे तीन कागद माझ्यापुढे आहेत. एकात तो सुखवस्तू आहे. दुसऱ्यात ते सुख त्याचे नव्हे. तिसऱ्यात त्याच्या कोटाचे अस्तर आहे. आणि मी स्वतः त्याला एका भोपळ्यासाठी सतरा रुपये देताना पाहिले. हे काय दरिद्री मनुष्याचे लक्षण आहे?"

मी व्हरांड्यात डोळे मिटले. देवाकडे त्या वेळी मी काय मागितले ते सांगत नाही, पण त्यात यशयारावांचे नाव होते.

"होय, मिससाहेब," कृपा म्हणाली.  "यशयाकाकांकडे पैसे आहेत, म्हणून त्यांना सोळावर थांबता आलं. बाबांकडे नाहीत. ते कोणी ओळखेल म्हणून त्यांना थांबता येत नाही."

 आतून पेन्सिलीचे टोक मोडल्याचा आवाज आला. मला त्या क्षणी इतकी लाज वाटली आणि त्याचबरोबर मुलीचा इतका अभिमान वाटला, की दोहोंपैकी कशाने डोळ्यांत पाणी आले ते अजून ठरवता आलेले नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मॅट्रिकचा निकाल लागला. कृपा पहिल्या वर्गात आली. दत्तोपंतांनी गणिताचे गुण ऐकून आपला चष्मा काढला, जो ते फक्त मामलेदारांसमोर काढीत. तिसऱ्या दिवशी मुंबईचे पत्र आले. व्हिटकोंब शिष्यवृत्ती कृपाला मंजूर झाली होती. फी, वसतिगृह, पुस्तके, सगळे. कृपाच्या आईने पत्र उघडे ठेवूनच भाकरी थापल्या, म्हणून त्याच्यावर अजून पिठाची बोटे आहेत.

पत्राच्या मागे आणखी एक पान टाचलेले होते. कागदाच्या टंचाईमुळे अर्जाचे शेवटचे पान आधी छापलेच नव्हते, ते आता पाठवत आहोत, असे कॉलेजच्या कचेरीने लिहिले होते. त्यावर चौदावे कलम होते. दात्रीची इच्छा अशी, की शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुलीच्या पित्याने भर उपासनेत उभे राहावे आणि पाळकाने त्याच्या गरिबीचे निवेदन सर्व मंडळीसमोर वाचावे, म्हणजे इतर गरजूंनाही धीर येईल. हे झाल्याचे पाळकाच्या सहीचे पत्र आल्याखेरीज पहिला हप्ता सुटणार नव्हता.

मी ते पान घडी घालून खिशात ठेवले आणि शहराबाहेर किल्ल्याच्या बाजूला फिरायला गेलो. एका भोपळ्यापायी बारा आण्यांचे सतरा रुपये करणारा माणूस मी. साऱ्या मंडळीसमोर, यशयारावांच्या पुढ्यात, उभा राहून मी गरीब आहे हे ऐकून घ्यायचे? त्या बाईला नगरची माणसे ठाऊक नव्हती. मी मनात तिला इंग्रजीत एक बाणेदार पत्र लिहिले. त्यात दोन ठिकाणी व्याकरण अडले तेव्हा मी घरी परतलो.

कृपा अंगणात ज्वारी पाखडत होती. आईने तिला चौदावे कलम सांगितले असावे. सूप न थांबवता ती म्हणाली, "बाबा, मी ट्रेनिंगला जाते. तिथं अजून दोन जागा आहेत. मी विचारून आले."

ती विचारून आली होती. मी किल्ल्याकडे गेलो तेवढ्या वेळात माझी मुलगी जाऊन विचारून आली होती. मी तसाच पाळकसाहेबांकडे गेलो आणि चौदाव्या कलमाचे पान त्यांच्या हातात दिले. 

रविवारी चर्च भरलेले होते. जाहिराती, म्हणजे आठवड्याच्या सूचना, वाचून झाल्यावर पाळक शांतवनांनी खिशातून माझ्या निवेदनाचा कागद काढला आणि माझ्याकडे पाहिले. मी उभा राहिलो. कोटाची बटणे मी लावायची विसरलो होतो. पाळकसाहेब मनाने फार चांगले. मला त्रास होऊ नये म्हणून त्यांनी ते निवेदन इतक्या हळू आणि इतक्या भरभर वाचले की पहिल्या बाकापर्यंतही ते पोचले नसेल. वाचून त्यांनी कागदाची घडी घातली. संपले. कलम पाळले गेले होते, मला आता बसता येत होते.

तेवढ्यात पंचमंडळाच्या बाकावरून यशयाराव उठले. "पाळकसाहेब, मोठ्यानं वाचा," ते म्हणाले. "मागं काही ऐकू आलं नाही. मास्तर उभे कशाला आहेत?"

पाळकसाहेबांनी कागद पुन्हा उघडला.  मला त्यांची दया आली.

"राहू द्या, पाळकसाहेब," मी म्हणालो. "मीच सांगतो." बावीस वर्षे पन्नास-पन्नास पोरांच्या वर्गात वापरलेला आवाज मी काढला. "यशयाराव, मागच्या बाकांवरच्या मंडळींनीही ऐका. माझ्या मुलीला कॉलेजात पाठवायला माझ्याकडे पैसे नाहीत. कधी नव्हते. एका बाईंनी दिले आहेत. ती मुंबईला जाणार आहे, रसायन शिकायला."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आमच्या चर्चमध्ये वाजवत नाहीत. यशयाराव खाली बसले. बायकांच्या बाजूला कृपाची आई उभी होती. ती केव्हा उठली होती मला माहीत नाही. चौदाव्या कलमात आईने उभे राहायचे कुठेच नव्हते.

पाळकसाहेबांनी घाईने गीताचा आकडा सांगितला. पेटी सुरू झाली. बायकांच्या बाजूने कृपा मधली वाट ओलांडून आली, असे आमच्याकडे कोणी करत नाही, आणि माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. तिने गायनाचे पुस्तक उघडून माझ्यापुढे धरले. ते तिने उलटे धरले होते, पण आम्हा दोघांनाही गीत पाठ होते.